दौंड जंक्शनवरून दिसलेले जॉर्ज फर्नांडिस

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. मध्ये भीमा वाहते. पाऊस दोघांवरही सारखाच रुसलेला. परंतु दौंडला रेल्वे आली आणि शिरूरला आली नाही, एवढ्या एका गोष्टीने दोन गावांचे स्वभाव निराळे झाले. १८७८ साली दौंड ते मनमाड हा लोहमार्ग सुरू झाला, दौंड जंक्शन बनले आणि त्याच्याभोवती रेल्वेची वसाहत वाढत गेली. तेथे मराठी, तेलुगू, कोकणी, इंग्रजी अशा भाषा एकाच नळावर ऐकू येत. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याकडचे गार्ड, मंगळुरी कारकून आणि नगर भागातून आलेले मराठी ख्रिस्ती खलाशी रविवारच्या मिस्साला एकाच छपराखाली गुडघे टेकत. शिरूर मात्र घोडनदीकाठचे, पुणे-नगर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. तेथे माझे आजोळ होते. दौंडात माझे वडील गार्ड होते.

जॉर्ज फर्नांडिस हे नाव मी प्रथम ऐकले ते ह्या दोन घरांत, आणि दोन अगदी वेगळ्या सुरांत. २९ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. वृत्तपत्रांनी रकाने भरले, परंतु आपल्या समाजाच्या पत्रांतून त्यांच्याविषयी जेवढे लिहिले जावयास हवे होते तेवढे लिहिले गेले नाही, असे मला वाटते. हा मनुष्य आपल्यातून गेला, आपल्यावर रागावून गेला, आणि उतारवयात त्याने आपल्याला दुखावलेही. म्हणून त्याच्याविषयी बोलताना आपली जीभ अडखळते. ह्या लेखात ती अडखळ टाळलेली नाही.

जॉर्ज ह्यांचा जन्म ३ जून १९३० चा, मंगळूरचा. आई अ‍ॅलिस हिला इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज ह्यांच्याविषयी कौतुक होते. त्यांचा वाढदिवसही ३ जूनचाच, म्हणून थोरल्या मुलाचे नाव जॉर्ज. घर धर्मनिष्ठ, वडील शिस्तीचे. सोळाव्या वर्षी, १९४६ साली, मुलाला धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेंट पीटर्स सेमिनरीत पाठविण्यात आले. तेथे ते सुमारे अडीच वर्षे राहिले आणि १९४८ साली बाहेर पडले. बाहेर पडण्याचे कारण पुढे ते स्वतः सांगत असत. भोजनगृहात वरिष्ठ धर्मगुरूंची मेजे उंच होती आणि त्यांच्या पानात पडणारे अन्न विद्यार्थ्यांच्या अन्नापेक्षा चांगले होते. शिकविले जाते ते आणि आचरिले जाते ते ह्यांतील हे अंतर त्यांना सोसवले नाही.

हे कारण वाचताना काही वाचकांना ते पोरकट वाटेल. मलाही तरुणपणी वाटले होते. एखाद्या मेजाच्या उंचीवरून कोणी दैवी पाचारण सोडतो काय? पण त्यांचे पुढचे आयुष्य पाहिले की ती दोन मेजे त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाहीत असे दिसते. कामगारांच्या प्रश्नावर पोप तेरावे लिओ ह्यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे पत्र १८९१ सालीच लिहिले होते. श्रमिकाला रास्त मजुरी मिळणे हा न्यायाचा प्रश्न आहे, त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, हे ख्रिस्तसभेने अधिकृतपणे सांगून अर्धशतक उलटले होते. आपल्या गावोगावच्या मिशनांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, दुष्काळात धान्य वाटले. त्या उपकारांचे मोल मी कमी लेखत नाही, माझे आजोबा त्याच शाळेत अक्षर शिकले. पण युनियन काढण्याचे काम आपण बहुतांशी इतरांसाठी सोडून दिले. ते करणारे आपल्यातले जे थोडे निघाले ते बाहेर जाऊनच निघाले.

सेमिनरी सोडल्यावर घरी स्वागत होण्याचा प्रश्न नव्हता. मंगळुरात हॉटेलांतील आणि वाहतुकीच्या धंद्यातील कामगारांची संघटना बांधण्याचा प्रयत्न करून १९४९ साली जॉर्ज मुंबईस आले. चौपाटीच्या बाकांवर निजावे, मध्यरात्री पोलिसाने उठवून हाकलावे, असे ते दिवस होते. मग एका वृत्तपत्रात मुद्रिततपासनीसाची नोकरी मिळाली. ह्याच काळात त्यांची गाठ प्लॅसिड डिमेलो ह्यांच्याशी पडली. डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी होते आणि तेही ख्रिस्ती घरातले. मुंबईच्या बंदराला लागून जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे, परंतु त्या रस्त्याने जाणाऱ्या किती ख्रिस्ती तरुणांना हा डिमेलो कोण हे ठाऊक असेल? डिमेलोंकडून जॉर्ज युनियनचे काम शिकले आणि राममनोहर लोहियांकडून राजकारण. १९५८ साली डिमेलो वारले तेव्हा त्यांच्या कामाचा मोठा भार ह्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणावर आला.

गोदी, महापालिका, टॅक्सी, हॉटेले, बेस्ट, ह्या सर्व क्षेत्रांत त्यांनी संघटना उभ्या केल्या वा बळकट केल्या. १९६१ पासून ते मुंबई महापालिकेचे सभासद होते. गिरणीसारख्या एका छपराखाली जमणारा हा कामगार नव्हता. टॅक्सीवाला दिवसभर रस्त्यावर, हॉटेलातला पोऱ्या मालकाच्याच माळ्यावर निजणारा, सफाई कामगार पहाटे बाहेर पडणारा. ह्यांना गाठायचे तर त्यांच्या वेळेला त्यांच्या जागी जावे लागे, आणि जॉर्ज जात. चुरगळलेला झब्बा, विस्कटलेले केस आणि कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड अशा भाषांतून समोरच्याच्या बोलीत शिरण्याची हातोटी, हे त्यांचे भांडवल. वृत्तपत्रांनी त्यांना 'बंदसम्राट' म्हटले. मध्यमवर्गाला हे विशेषण टवाळीचे वाटे. ज्यांच्या पगारात त्या बंदमुळे भर पडली त्यांना ते तसे वाटले नसावे. त्याच वर्तुळात कामगारांची सहकारी पतपेढी-बँक काढण्याचे कामही झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. संप मोजणे सोपे असते.

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटील ह्यांचा पराभव केला. पाटील म्हणजे मुंबई काँग्रेसचे अनभिषिक्त राजे आणि त्या वेळी केंद्रात रेल्वेमंत्री. त्यांना पाडता येते, एवढाच विचार मतदाराच्या मनात रुजविण्यावर जॉर्ज ह्यांचा प्रचार उभा होता. सदतिसाव्या वर्षी ते देशाला माहीत झाले.

आता दौंडकडे वळतो. रेल्वे वसाहतीत राहिलेल्यांना 'कॉल-बॉय' हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही, इतरांसाठी सांगतो. ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड ह्यांची ड्यूटी घड्याळाने नव्हे तर गाडीने ठरे. रात्री दोन वाजता वही घेऊन कॉल-बॉय येई, दारावर थाप मारी, वहीत सही घेई. वडील उठत. लाल-हिरवी निशाणे, दिवा, शिटी आणि नियमांचे पुस्तक ठेवलेली त्यांची लोखंडी पेटी स्टेशनकडे जाई. आई स्टोव्ह पेटवी. निघण्याची वेळ कळे, परतण्याची कळत नसे. मालगाडी एखाद्या सिग्नलपाशी अडून राहिली की तिच्याबरोबर ही माणसेही उघड्यावर अडून राहत. वाफेच्या इंजिनाच्या तोंडाशी उन्हाळ्यात बारा-चौदा तास काढणे म्हणजे काय, हे केवळ आकड्यांवरून समजणार नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिन चालविणाऱ्यांनी संप केला तेव्हा दिवसाचे काम दहा तासांवर आणण्याचे आश्वासन मिळाले. ते प्रत्यक्षात उतरण्यास विलंब लागू लागला.

त्याच वर्षी ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या अध्यक्षपदी जॉर्ज निवडून आले. त्यांनी हरविले ते पीटर अल्वारिस ह्यांना. अल्वारिस हे गोवा मुक्तिलढ्यातील ज्येष्ठ समाजवादी नेते. रेल्वे कामगारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या शिखरावर दोन ख्रिस्ती नावे एकमेकांसमोर उभी होती, आणि आमच्या वसाहतीत मिस्सानंतर दोन्हींचे कैवारी पायऱ्यांवर वाद घालीत. मागण्या होत्या बोनसच्या, आठ तासांच्या दिवसाच्या, सार्वजनिक उद्योगांतील कामगारांच्या बरोबरीच्या वेतनाच्या, आणि वर्षानुवर्षे हंगामी म्हणून राबणाऱ्यांना कायम करण्याच्या. तेलाचे भाव भडकले होते, महागाई वर्षाला वीस टक्क्यांच्या पुढे धावत होती आणि तिसऱ्या वेतन आयोगाने कर्मचाऱ्यांची निराशा केली होती.

वाटाघाटी चालू असतानाच २ मे १९७४ रोजी जॉर्ज ह्यांना लखनौस अटक झाली. ८ मे रोजी संप सुरू झाला. रेल्वेत त्या वेळी सुमारे सतरा लाख माणसे काम करीत होती, आणि देशाने तोवर एवढा मोठा संप पाहिला नव्हता. सरकारने हजारोंना तुरुंगात टाकले, कित्येकांना बडतर्फ केले, देशात अनेक ठिकाणी कुटुंबांना क्वार्टर्समधून बाहेर काढले. आमच्या घरी त्या मे महिन्यात मला एकच गोष्ट जाणवली. रात्री दारावर थाप पडत नव्हती आणि तरीही वडील जागे असत.

मी सुटीसाठी शिरूरला गेलो तेव्हा मामांनी विचारले, "तुझ्या बापाचा तो फर्नांडिस सुटला का?" आणि पुढे म्हणाले, "रेल्वेवाल्यांना पास आहे, क्वार्टर आहे, महिन्याच्या महिन्याला पगार आहे. आणखी काय हवे?" मामा निर्दय नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ते आणि मामी दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडीवर दिवस काढून आले होते. त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. ज्याच्या शेतात काही उगवले नाही त्याला बोनस हा शब्द कसा वाटावा? पन्नास-साठ किलोमीटरांच्या अंतरावर दोन श्रमिक कुटुंबे होती आणि एकाचे दुःख दुसऱ्याला चैन वाटत होते. डाव्या चळवळीचे ह्या राज्यातले मोठे अपयश मला अजून ह्याच जागी दिसते. संघटित कामगाराचा लढा तिने जिद्दीने लढविला, पण खडी फोडणाऱ्याला तो आपला वाटेल असा पूल तिला फारसा बांधता आला नाही. जॉर्ज ह्यांनाही नाही.

संप चालू असतानाच १८ मे रोजी पोखरण येथे अणुस्फोट झाला आणि वृत्तपत्रांची पहिली पाने बदलली. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला. हातात काहीही पडले नव्हते. तरी पुढची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती पराभवाच्या बातमीइतकी वाचली गेली नाही. १९७७ साली जनता सरकारात मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढून टाकलेल्यांना त्यांनी कामावर परत घेतले. १९७९ साली चरणसिंग सरकारने रेल्वे कर्मचाऱ्यांना उत्पादकतेशी निगडित बोनस मान्य केला. तो आजही दसऱ्याच्या सुमारास मिळतो. संप हरलेल्यांनीच तो मिळविला, असे माझे वडील अखेरपर्यंत म्हणत.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली तेव्हा जॉर्ज ओरिसात गोपाळपूर येथे सासुरवाडीच्या मंडळींत होते. १९७१ साली त्यांचा विवाह हुमायून कबीर ह्यांच्या कन्या लैला ह्यांच्याशी झाला होता. ते भूमिगत झाले. कोळ्याचा वेश झाला, पुढे दाढी-पगडीतला शीख झाला. बंधू लॉरेन्स ह्यांना बंगळुरात पकडून, जॉर्ज कोठे आहेत हे काढून घेण्यासाठी पोलिसांनी त्यांचे अनन्वित हाल केले. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी ह्या स्नेह्यांपैकी. त्या दम्याने आजारी असताना महिनोन्महिने तुरुंगात राहिल्या आणि पॅरोलवर सुटल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, वारल्या. ही दोन नावे बडोदा डायनामाइट खटल्याच्या गोष्टीत नेहमी तळटीपेसारखी येतात. ती वर यावयास हवीत.

डायनामाइटविषयी मी स्पष्ट लिहितो. हुकूमशाहीला विरोध करण्यासाठी पूल आणि लोहमार्ग उडविण्याची योजना, मनुष्यहानी होऊ न देण्याची खबरदारी घेतली होती असे म्हटले तरी, मला मान्य होत नाही. त्या रुळांवरून रात्री कोण जात होते हे आमच्या घरात ठाऊक होते. ज्यांच्यासाठी १९७४ साली तुरुंग पत्करला त्याच माणसांच्या वाटेवर १९७६ साली सुरुंग, ही विसंगती जॉर्ज ह्यांचे भक्त सहजपणे ओलांडून जातात. पण हेही तितकेच खरे की त्या एकवीस महिन्यांत बहुतेक सुरक्षित माणसे गप्प होती, आणि त्यांत आपणही होतो.

१० जून १९७६ रोजी कलकत्त्यास सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात त्यांना अटक झाली. एका प्रोटेस्टंट पाळकांनी त्यांना आसरा दिला होता. सेमिनरीतून पळालेला माणूस अखेर चर्चच्या आवारात सापडला. ते जिवंत राहतील की नाही अशी भीती परदेशांतील समाजवादी नेत्यांनाही वाटली आणि त्यांनी दिल्लीवर दबाव आणला. त्यांच्यासह पंचवीस आरोपींवर खटला उभा राहिला. बेड्या घातलेला हात उंच उभारलेले त्यांचे छायाचित्र त्या काळाचे चिन्ह बनले. १९७७ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच लढविली आणि बिहारातील मुझफ्फरपूरने त्यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. खटला नव्या सरकारने मागे घेतला.

येथवरचा जॉर्ज आवडणे सोपे आहे. पुढचा अवघड आहे. उद्योगमंत्री असताना कोका-कोला आणि आयबीएम ह्या कंपन्या देशाबाहेर गेल्या, हे त्यांच्या नावावर नोंदले गेले. जुलै १९७९ मध्ये लोकसभेत मोरारजी सरकारचे जोरदार समर्थन करून लगेच ते विरोधी गोटात गेले. रेल्वेमंत्री म्हणून १९८९-९० मध्ये त्यांनी कोकण रेल्वेला गती दिली. अर्थमंत्रिपदी दंडवते होते. रोह्यापासून मंगळूरकडे जाणारा तो मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. मंगळूरचा मुलगा मुंबईहून घरी जाण्याची थेट वाट बांधून गेला, एवढे मान्य केलेच पाहिजे.

१९९४ साली त्यांनी समता पक्ष काढला, १९९६ पासून भारतीय जनता पक्षाशी युती केली आणि १९९८ साली संरक्षणमंत्री झाले. ज्या पोखरणने त्यांच्या संपाची बातमी झाकली होती तेथेच त्या मे महिन्यात पुन्हा स्फोट झाले, आणि आयुष्यभर अण्वस्त्रांना विरोध करणारे जॉर्ज आता त्यांचे समर्थक होते. १९९८ च्या नाताळात गुजरातच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे फिलिप आणि टिमोथी ह्यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. तेथे गेलेल्या तीन मंत्र्यांत जॉर्ज होते, आणि ह्यामागे आंतरराष्ट्रीय कारस्थान असल्याचे ह्या मंत्र्यांनी सांगितले. २००२ च्या गुजरातेतील हिंसाचारावरील लोकसभेच्या चर्चेत, स्त्रियांवर अत्याचार काही प्रथमच घडलेले नाहीत असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मी ती बातमी दोनदा वाचली. दौंडच्या घरी भिंतीवर त्यांचा बेडीतला फोटो होता. वडिलांनी तो काढला नाही, पण त्याच्याकडे बोट दाखवून काही सांगणे त्यांनी त्या दिवसापासून सोडले.

असे का झाले, ह्याची अनेक उत्तरे दिली जातात. काँग्रेसविरोध हाच लोहियावाद्यांचा एकमेव धर्म झाला होता, हे त्यांतील एक, आणि मला ते बरेचसे पटते. रशियात बोरिस कागार्लित्स्की नावाचे डाव्या विचारांचे लेखक-कार्यकर्ते आहेत. १९८२ साली ब्रेझनेव्हच्या साम्यवादी राजवटीने त्यांना पकडले, १९९३ साली येल्त्सिनच्या काळात त्यांना अटक झाली आणि २०२३ साली पुतिनच्या राजवटीत, युक्रेन युद्धाच्या विरोधामुळे, पुन्हा. २०२४ साली त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. राज्यकर्ते बदलले, त्यांची जागा बदलली नाही. जॉर्ज ह्यांच्याशी ही तुलना पूर्ण न्याय्य नव्हे, कारण लोकशाहीत विरोधकाला सत्तेची दारे उघडी असतात आणि आत गेल्यावर त्याची निराळीच परीक्षा होते. कागार्लित्स्कींना ती कधी द्यावी लागली नाही.

तरी माणूस एकसंध नव्हता हेही खरे. मंत्री असतानाही त्यांचे कपडे तेच चुरगळलेले राहिले. दिल्लीतील कृष्ण मेनन मार्गावरील त्यांच्या घराला फाटक नव्हते, त्यांनी ते काढून टाकविले होते, आणि ब्रह्मदेशातून परागंदा झालेले विद्यार्थी तेथे आसऱ्याला असत. सियाचेनच्या बर्फात ते पुन्हा पुन्हा गेले आणि जवानांना बर्फगाड्या लवकर मिळाव्यात म्हणून त्यांनी दिल्लीतील अधिकाऱ्यांना त्या थंडीचा अनुभव घ्यावयास धाडण्याचे ठरविले. मेजांच्या उंचीचा जुना हिशेब कोठेतरी चालू होता.

अखेरची कित्येक वर्षे विस्मृतीच्या आजाराने त्यांना काहीच आठवत नव्हते. दरम्यान आमच्या दोन्ही तालुक्यांत कारखाने आले. शिरूरात रांजणगाव, दौंडात कुरकुंभ. तेथील कंत्राटी कामगार बाराबारा तासांच्या पाळ्या सांगतात तेव्हा मला कॉल-बॉयची थाप आठवते. माझ्या मामांचा नातू त्यांतच आहे. त्याच्या मागण्यांची यादी त्याने मला एकदा सांगितली. ती १९७४ च्या यादीशी जवळजवळ जुळत होती. जॉर्ज फर्नांडिस हे नाव त्याने ऐकलेले नव्हते, आणि मामांनी त्यांच्याविषयी काय म्हटले होते ते मी त्याला सांगितले नाही.

निधनानंतर जॉर्ज ह्यांच्या पार्थिवावर दिल्लीत अग्निसंस्कार झाले आणि नंतर त्यांच्या अस्थी पृथ्वीराज रोडवरील ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्यात आल्या. दोन्ही गोष्टी त्यांच्याच इच्छेनुसार, आधीच्या आणि नंतरच्या.